रिकामा होत जाणारा नकाशा

'गेनशिन इम्पॅक्ट' या ऑनलाइन खेळाचा मॅप सगळ्या खुणा चालू ठेवून उघडला, तर खालची जमीन दिसतच नाही. खळ्यावर चिमण्यांचा थवा उतरावा तशा खुणांवर खुणा बसलेल्या असतात. खजिन्याच्या पेट्या, त्यांच्यातही साध्या, बऱ्या, भारी आणि अतिभारी असे दर्जे. कड्यांच्या टोकांवर तरंगणारे मणी. लोखंडाचे आणि स्फटिकांचे खडक, मासे धरायच्या जागा, राक्षसांचे तळ, कोडी. बाजूला एक यादी असते. तिच्यातलं हवं तेवढं ठेवायचं आणि बाकीचं बंद करायचं. मग कुठे डोंगर, तळी, शहराची तटबंदी दिसायला लागते.

हा मॅप खेळाच्या आत नसतो. खेळात स्वतःचा एक नकाशा आहे, पण तो हातचं राखून सांगतो. सुरुवातीला सगळंच धूसर असतं. एकेका मुलखातल्या देवाच्या पुतळ्यापर्यंत जाऊन त्याला हात लावला की तेवढा पट्टा उजळतो. डोंगर कळतात, वाटा कळतात, पेट्या कुठे लपवल्यात ते मात्र कळत नाही. त्यासाठी हा दुसरा, बाहेरचा मॅप वेगळ्या पडद्यावर उघडून बसायचं. असे मॅप खेळाडूंनी आपल्या हौसेने बनवले, कंपनीचाही एक आहे. एकाने पेटी सापडल्यावर तिथे खूण केली, दुसऱ्याने शेजारची सांगितली, तिसऱ्याने फोटो जोडला. मोन्डश्टाट या पहिल्याच मुलखात हिरवे मणी साठाहून जास्त आहेत, पुढच्या लियुएत पिवळे शंभराहून जास्त. एकट्याने शोधायचे म्हटले तर शेवटचा मणी कोणत्या सुळक्यामागे राहिला हे शोधण्यातच पावसाळा जाईल.

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणीला माझी ताई दिली आहे. सेलूकडून बोरधरणाला जाताना लागतं ते हिंगणी. बोर नदीवरचं मातीचं धरण जवळच, आणि धरणाच्या पलीकडे बोरचं जंगल. शिवारात कापूस, सोयाबीन, तूर. 2020 साली शाळा बंद पडल्या तेव्हा गावातली निम्मी पोरं पब्जीवर होती. त्या वर्षी 2 सप्टेंबरला सरकारने पब्जीवर बंदी घातली, आणि 28 सप्टेंबरला गेनशिन इम्पॅक्ट आला. पोरांपैकी बहुतेक दुसऱ्या कुठल्यातरी गोळीबारात गेली. माझा भाचा इकडे आला आणि राहिला. आता तो वर्ध्याला कॉलेजात आहे, पण सुट्टीला घरी आला की हप्त्यांवर घेतलेला लॅपटॉप पलंगावर आणि आईचा मोबाइल मांडीवर, अशी त्याची बैठक असते. लॅपटॉपवर खेळ, मोबाइलवर मॅप. डोकं सारखं खाली-वर. ऐन कड्यावर चढताना कुणाचा तरी फोन येतो, मॅप गायब होतो, आणि हा मोबाइल कानाला लावून "आई वावरात गेली" असं सांगत एका हाताने आपला शिलेदार कड्याला चिकटवून ठेवतो. खेळात चढणाऱ्याचा दम मोजलेला असतो, दम संपला की खाली. अशा घाईत कितीतरी पाहुण्यांना उत्तर अर्धवटच मिळालेलं आहे.

पेटी उघडली की तो मोबाइलवरच्या खुणेला बोट लावून 'सापडली' असं टिक करतो. ती खूण फिकी पडते. एक बटण दाबलं तर फिक्या खुणा दिसेनाशाच होतात. म्हणजे हा मॅप जसजसा वापरावा तसतसा रिकामा होत जातो. त्याने मला त्याचं मोन्डश्टाट दाखवलं तेव्हा त्यावर मोजक्याच खुणा उरल्या होत्या. हिरवळ, तळं, मधोमध पवनचक्क्यांचं शहर, सगळं लख्ख. "हे झालं मामा," तो म्हणाला. मला ते लख्खपण जरा चमत्कारिक वाटलं. मुलूख पायाखाली घातला तसा त्याच्याबद्दल सांगण्यासारखं कागदावर काहीच उरलं नाही.

माणसाने आजवर नकाशे याच्या नेमके उलट केले. कोरा कागद घ्यायचा आणि चालून-चालून तो भरायचा. या कामात हाडं झिजवलेला एक माणूस वर्धा जिल्ह्यातच मातीआड आहे. विल्यम लॅम्बटन. 1802 साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी त्याने साखळीने एक सरळ रेष मोजली. त्या एका रेषेवर त्रिकोण, त्या त्रिकोणाच्या बाजूवर पुढचा त्रिकोण, असं करत-करत तो आणि त्याची माणसं द्वीपकल्पभर सरकत राहिली. कोन मोजायचं त्याचं थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचं होतं. ते टेकड्यांवर चढवायचं, टेकडी नसली तर देवळाच्या शिखरावर. 1808 साली तंजावरला असंच वर ओढताना ते आपटलं आणि त्याची वर्तुळाकार पट्टी वाकली. लॅम्बटनने तंबूत कोंडून घेऊन कित्येक आठवडे ठोकून-ठोकून ती पुन्हा गोल केली. 1823 च्या जानेवारीत हैदराबादकडून नागपूरला निघालेला हा म्हातारा हिंगणघाटला पोचला आणि तिथेच गेला. तिथे त्याची कबर आहे. वीस वर्षांत त्याने भरलेला कागद पुढे त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्ट याच्या हाती आला, आणि ते त्रिकोण हिमालयापर्यंत गेले.

हे मी भाच्याला सांगितलं. त्याने शांतपणे विचारलं, "मग त्याला मॅप कोण देत होतं?" कोणीच नाही, म्हटलं. "म्हणजे आंधळा खेळला," तो म्हणाला. बाहेरचा मॅप न पाहता खेळणाऱ्याला हे लोक असंच काहीसं म्हणतात, आणि त्यात आदर असतो.

कॉम्प्युटरवरच्या असल्या खेळांची मुळंही नकाशा काढणाऱ्यांतच आहेत. विल क्राउदर हा अमेरिकन प्रोग्रॅमर गुहांमध्ये उतरणारा होता. केंटकीतल्या मॅमथ केव्ह या अवाढव्य गुहेच्या मोजणीत त्याने काम केलं होतं. 1970 च्या दशकाच्या मध्याला त्याने त्या गुहेवरून एक खेळ लिहिला. त्यात चित्र नव्हतं, नुसते शब्द. तुम्ही 'उत्तर' असं टाइप करायचं, मशीन पुढच्या दालनाचं वर्णन करणार. खेळणारे कागद-पेन्सिल घेऊन बसत आणि चौकोन, बाण, चौकोन असे आपापले नकाशे काढत. ज्याने खरी गुहा कागदावर आणली त्याच्याच खेळासाठी लोक खोट्या गुहेचे कागद करत होते, ही मला या सगळ्यातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. पुढे 1982 साली 'अल्टिमा'चा दुसरा भाग निघाला, तेव्हा डब्यात फ्लॉपीच्या सोबत कापडावर छापलेला नकाशा होता. कापडाचा नकाशा म्हटल्यावर आमच्याकडच्या कुणालाही पटवारीच आठवेल. इंग्रजी अमदानीतल्या बंदोबस्तापासून मैलाला 16 इंच या मापाचा गावनकाशा तो काखोटीला मारून फिरत असे.

गेनशिनच्या मॅपमधली एक गंमत मला हळूहळू कळली. खूण जिथे आहे तिथे जाऊन उभं राहिलं तरी पुष्कळदा तिथे काहीच नसतं. पेटी खाली असते, भुयारात, किंवा डोक्यावर, कमानीच्या पाठीवर. सपाट कागदाला उंची-खोली कळत नाही. 'द कॅझम' नावाची खेळातली खाण तर इतकी खोल आहे, की तिला तळघराचा स्वतंत्र नकाशा द्यावा लागला. मग खूण दाबायची. खाली फोटो उघडतो आणि कुणीतरी लिहिलेली एक ओळ. धबधब्यामागून आत शिरा. रात्री या. आधी तीन मशाली पेटवा. बहुतेक ओळी इंग्रजीत, काही चिनीत. मी त्या भाच्याच्या खांद्यावरून वाचतो. मॅपचा खरा जीव खुणांपेक्षा या ओळींत आहे. लिहिणाराही कधीतरी तिथेच गोल-गोल फिरला असणार आणि वैतागून, पण मागून येणाऱ्याची कीव करून, त्याने ती ओळ लिहिली असणार.

म्हणून 'हे मॅप म्हणजे कॉपी' असं जे म्हटलं जातं ते मला पटत नाही. वाट विचारणं ही काही लबाडी नव्हे. पेटीशी पोचवेपर्यंत मॅपचं काम. तिथले राक्षस मारायचे, कोडं सोडवायचं, कड्यावरून पडायचं, हे सगळं उरतंच. माझी तक्रार असेल तर दुसरीच आहे. पेट्यांतून जी रत्नं निघतात ती 160 जमली की एक सोडत खेळता येते. सोडतीत हवा तो शिलेदार निघेलच असं नाही. 90 सोडतींच्या आत एक उंची शिलेदार देण्याची हमी असते, तो तुम्हाला हवा तोच असेल याची नसते. हातातली रत्नं संपली की पैशाने घ्यायची सोय आहेच. एवढा देखणा मुलूख बांधायचा आणि त्याच्या वेशीवर लॉटरीचं दुकान टाकायचं! भाचा पैसे भरत नाही, म्हणून तर त्याला एकूण एक पेटी हवी असते.

त्याचे आबाजी, म्हणजे भावजींचे वडील, हे सगळं खुर्चीतून पाहत असतात. एकदा त्यांनी विचारलं, "काय शोधून राह्यला बापा हा सकाळपासून?"

"खजिना, आबाजी."

"भेटला का?"

"भेटला ना. पण दोनच रत्नं निघाली."

"दोन तर दोन," आबाजी म्हणाले, "आमच्या विहिरीत तेवढंबी नाही निघालं."

त्याच संध्याकाळी त्यांच्याबरोबर वावरात गेलो. त्यांचा आणि शेजाऱ्याचा पांदणीवरून जुना वाद आहे. गावनकाशात पांदण तुटक रेघांनी नीट दाखवलेली आहे, बैलगाडी सहज जाईल अशी. जमिनीवर ती दोन्ही धुऱ्यांनी खात-खात इतकी आवळली आहे, की एक माणूस नि एक म्हैस समोरासमोर आले तर माणसाने तुरीत शिरायचं. भाच्याने मोबाइलवर सरकारी भूनकाशा उघडून आपला गट काढला. रेषा स्वच्छ होत्या. आबाजींनी चष्मा वर करून पाहिलं आणि मोबाइल परत दिला. मग ते काठीने दाखवत सुटले. इथे बाभूळ होती, तिच्या बुडाशी हद्दीचा दगड. या कोपऱ्यातून रानडुकरं येतात, नाल्याच्या अंगाने. रोही तिकडून येतात, उडी मारून. ही विहीर आपली, हिला मार्चनंतर पाणी नसतं. ती पलीकडची आहे, तिला असतं, पण मागायची सोय नाही. जागलीला बसायचं तर या मचाणावर, त्या नाही, कारण तिकडून वारा आपला वास घेऊन जातो. भूनकाशावर यातलं काही नव्हतं. धबधब्यामागून आत शिरा, अशा जातीची ही माहिती. ती लिहिण्यासाठी गटाखाली जागा सोडलेली नाही.

भाचा ऐकत होता. गेनशिनमध्ये सेसिलिया नावाचं पांढरं फूल आहे. ते फक्त समुद्राकाठच्या एका कड्यावर उगवतं, तोडलं की दोनेक दिवसांनी पुन्हा येतं. त्याची खूण टिक करून काही उपयोग नसतो. "आबाजीचं सगळं सेसिलियासारखं आहे," तो मला परतताना म्हणाला, "टिक करूनबी पुन्हा येते." रानडुकरं तर दर रात्रीच येतात.

मचाणावरून जंगलाची काळी कड दिसते. बोर 1970 साली अभयारण्य झालं आणि 2014 साली व्याघ्र प्रकल्प. गाभा 138 चौरस किलोमीटरचा, देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी हा एक. इतक्या जागेत वाघ मावत नाहीत, ते बाहेर पडतात. बोरचा बाजीराव नावाचा वाघ 2017 च्या डिसेंबरात नागपूर-अमरावती महामार्गावर गाडीखाली सापडून मेला. खेळातले राक्षस नेमून दिलेल्या जागी उभे असतात. आज मारले तर उद्या त्याच जागी हजर, म्हणून त्यांना खूण लावता येते. वाघाला रस्ता ओलांडायची ठरलेली जागा नसते. वनरक्षकही आता मोबाइल घेऊनच पायी गस्त घालतात. व्याघ्र प्राधिकरणाच्या 'एम-स्ट्राइप्स' या प्रणालीत चाललेली वाट आपोआप उमटते, पगमार्क दिसला, विष्ठा दिसली की तिथल्या तिथे नोंद करायची. तो मॅप मात्र लोकांसाठी खुला नसतो, आणि नसावाच. तिथली प्रत्येक खूण ही काल वाघ कुठे होता याची असते. उद्याच्या शिकाऱ्याला तेवढं पुरतं.

रात्री जेवताना भाचा घाईत होता. या खेळाची नवी आवृत्ती साधारण दर 42 दिवसांनी येते, आणि अधूनमधून तिच्यात एखादा आखाच्या आखा मुलूख असतो. तेव्हा लख्ख झालेल्या मॅपच्या कडेला रात्रीतून नवा डोंगराळ तुकडा जोडला जातो. पहिले दोन-तीन दिवस त्याच्यावर खुणा विरळ असतात, कारण जगभरची पोरं अजून चालत असतात. भाच्याला नेमके तेच दिवस आवडतात. एकदा एक पेटी त्याने मॅपवर येण्याआधी शोधली होती आणि खाली ओळ लिहिली होती. ती त्याने मला दाखवली. ओळ इंग्रजीत, चार शब्दांची, खाली कुणा-कुणाचे अंगठे.

"मामा, तुमच्या मोबाइलमध्ये डेटा किती आहे?" त्याने विचारलं. डाउनलोड मोठं होतं, त्याचा नि आईचा दोघांचाही दिवसाचा कोटा संपला होता. मी हॉटस्पॉट चालू करून दिला. पाच टक्क्यांवर लाइन गेली. आबाजी म्हणाले, "आता झोपा, बारानंतर येते."