कस्तूर ओळखावा सुरावरून

पूर्व हिमालयातील कस्तूर, म्हणजे थ्रश कुळातील पक्षी, ओळखताना डोळ्यांवर फार विसंबून चालत नाही; पाठ तपकिरी, पोटाकडच्या फिकट पिसांवर काळ्या खवल्यांसारख्या खुणा, एवढ्या वर्णनात अनेक जाती बसतात, आणि ‘झूथेरा मॉलिसिमा’ या एकाच शास्त्रीय नावाखाली तर दीर्घकाळ एकाहून अधिक जाती नांदत होत्या. २००९ साली पक्षी-अभ्यासक पेर आल्स्ट्रम आणि शशांक दळवी यांना पश्चिम अरुणाचल प्रदेशात सूचिपर्णी व मिश्र जंगलातल्या कस्तुराचे गाणे सुरेल, तर वृक्षरेषेच्या (ज्या उंचीनंतर झाडे वाढत नाहीत त्या सीमेच्या) वरच्या खडकाळ उतारांवरच्या कस्तुराचे खरखरीत वाटले, तेव्हा गुंता उकलू लागला.

पण कानाची साक्ष एकटी पुरत नाही. मुद्रित आवाजाचे ध्वनिचित्र, म्हणजे काळानुसार स्वरांचा चढउतार दाखवणारा आलेख, काढावे लागते, आणि मग संग्रहालयातील कपाटे उघडून पेंढा भरलेले जुने नमुने मोजावे लागतात. हे काम दिसायला नीरस, पण कौशल्याची खरी परीक्षा इथेच होते. मिटलेला पंख मोजपट्टीवर टेकवून वाकापासून सर्वांत लांब पिसाच्या टोकापर्यंत मोजायचा, चोच व पायाची नळी कॅलिपरने मोजायची. शिवाय कातडे वाळताना पंख किंचित आखडतो, हेही ध्यानात ठेवायचे. जुन्या नमुन्यांतला तपकिरी रंग वर्षानुवर्षे तांबूस होत जातो, त्यामुळे निव्वळ रंगछटेवर जात ठरवणे धोक्याचे, आणि जंगलातल्या पक्ष्याची पाठ मुळातच अधिक तांबूस असल्याने ही सावधगिरी येथे दुप्पट लागते. जंगलातल्या पक्ष्याचे आखूड पाय, आखूड शेपूट व पंख आणि तुलनेने लांब चोच ही मापे म्हणूनच अधिक भरवशाची.

गाणे, मापे आणि डीएनए यांचा मेळ बसल्यावर २०१६ मध्ये या जंगलवासी पक्ष्याला ‘झूथेरा सलीमअलीई’ हे नाव मिळाले. मुंबईकर पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींच्या गौरवार्थ ठेवलेले हे नाव समर्पक आहे. सिचुआनमधील ‘झूथेरा ग्रिसिसेप्स’ ही पूर्वी उपजात मानलेली जातही त्याच अभ्यासात स्वतंत्र ठरली. चीनमधील आणखी एक वंशरेषा डीएनएत वेगळी दिसली, तरी प्रत्यक्ष रानातला अभ्यास व्हायचा असल्याने तिला नाव देण्याची घाई अभ्यासकांनी केली नाही.