मोरी, मुडदुशी आणि बाळंतिणीचे ताट

मासे निवडणे म्हणजे ताजे मासे ओळखणे, असा आमच्या घरात पिढीजात समज आहे. कल्ला उचलून लाली पाहावी, डोळा फुगीर आणि स्वच्छ आहे ना हे पाहावे, अंगाला बोट दाबून खळगा भरून येतो की तसाच राहतो हे पाहावे; एवढे झाले की भावावरून हुज्जत घालायला माणूस मोकळा. लेक पहिल्या बाळंतपणासाठी मालवणला आली तेव्हा मात्र ताजेपणाची पारख पुरेनाशी झाली.

बाळ आठ दिवसांचे असताना आम्ही आईला घेऊन बाजारात गेलो. घरात बाळंतीण आहे हे आमच्या मासेवाल्या मावशींना ठाऊक होतेच. त्यांनी आपणहून मोरी पुढे केली. "मोरी घेवा, बाळंतिणीक दूध येता." आईने मान डोलावली. मोरी म्हणजे लहान शार्क. कोकणात ती बाळंतिणीला देण्याची रीत जुनी आहे. आईने आमच्या वेळी खाल्ली, आजीने आईच्या वेळी. आम्ही मात्र चार दिवस आधी बरेच वाचून बसलो होतो, आणि अर्धवट वाचलेल्या माणसाच्या उत्साहाने आम्ही आईचा हात धरून म्हणालो, "मोरी नको."

कारण पाऱ्याचे होते. पाण्यात उतरलेल्या पाऱ्याचे सूक्ष्म जीव मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. तो लहान माशांत थोडा, त्यांना खाणाऱ्यांत अधिक आणि वर्षानुवर्षे जगणाऱ्या मोठ्या शिकारी माशांत सर्वांत अधिक साठतो. शिजवून तो जात नाही. जपानमधल्या मिनामाता येथे १९५६ मध्ये या विषबाधेची अधिकृत नोंद झाली. तिथली एक गोष्ट आमच्या मनातून जात नव्हती: स्वतः फारसा त्रास न झालेल्या मातांच्या पोटी गंभीर व्यंग असलेली मुले जन्मली होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्लाही स्पष्ट आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी टाळावयाच्या माशांत शार्क येतो. आठवड्यातून दोन-तीन वेळा खावेत अशांत तारलीच्या जातीचे छोटे मासे येतात.

हे सारे आम्ही घरी येऊन आईला सांगितले. ती शांतपणे म्हणाली, "तुझ्या वेळी मी महिनाभर मोरीच खाल्ली. तुझ्या डोक्यात काय बिघडलं?" यावर काय बोलावे? एका माणसाच्या धडधाकटपणाने काही सिद्ध होत नाही, हे खरे. पण तो माणूस आपणच असलो की युक्तिवादातला जोर जातो.

शिवाय तिची बाजू आम्ही समजलो होतो तितकी लंगडी नव्हती. बाळंतिणीची मोरी हातभर असावी, त्याहून मोठी घेऊ नये, असे ती नेहमी सांगे. आम्ही याला चवीचा निकष समजत होतो. लहान, कोवळ्या शार्कमध्ये पारा साठायला वेळच मिळालेला नसतो, हे ध्यानात आल्यावर आम्ही थोडे ओशाळलो. गर्भावस्थेच्या मानाने दुधातून बाळाकडे जाणारा हा पारा कमी असतो, हेही आम्ही सांगायचे राहिलो होतो. पण मग दुसरा पेच उभा राहतो. काही शार्क जातच लहान असतात, काही मात्र मोठ्या जातीची पिल्ले. शार्क उशिरा वयात येतो, पिल्ले थोडी घालतो. पिल्लेच उचलली तर पुढे काय उरणार? आणि तुकडे करून ठेवलेल्या मोरीचे वय आणि जात कोणी ओळखावी?

या वादात पापलेट आणि सुरमई यांचे नाव निघाले नाही, असे नाही. पाहुण्यांपुढे तेच ठेवायचे, ही आमच्याकडची प्रतिष्ठेची उतरंड. पापलेट तर २०२३ पासून राज्यमासा आहे. चवीला उत्तमच, पण त्याच्या थोरवीत काट्यांच्या अभावाचा वाटा किती, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना सहज कळेल. सहज गिळता येणाऱ्या ग्रंथांनाही आपल्याकडे अभिजाततेचा मान लवकर मिळतो. असो. सुरमई शिकारी माशांतली, ती मोठी झाली की पाऱ्याची शंका तिथेही आहेच. उलट रापणीला ढिगाने लागणारे बांगडे आणि तारल्या, ज्यांना पाहुण्यांच्या पानात जागा नाही, त्यांचे आयुष्य लहान, आहार प्लवकांचा, आणि बाळाच्या मेंदूला हवी असलेली ओमेगा-३ स्निग्धाम्ले त्यांच्या तेलात भरपूर. तिरफळे घालून केलेल्या बांगड्याच्या तिखल्याला आम्ही तरी पापलेटच्या वर बसवू.

बांगड्याचा दोषही सांगितला पाहिजे. तो उन्हात जरा जास्त राहिला की त्यात हिस्टामिन तयार होते, तेही शिजवून जात नाही. तोंड लाल होते, अंगावर पित्त उठते. म्हणजे कल्ले पाहण्याची आमची जुनी विद्या इथे पुन्हा कामाला येते. आईच्या शास्त्रात मात्र बांगडा बाळंतिणीला उष्ण. तिथे तिने आमचे काही चालू दिले नाही.

शेवटी तोड निघाली ती मुडदुशीवर. वाळूच्या तळातले किडे आणि बारीक कोळंबी खाणारा हा सडपातळ मासा. पचायला हलका, म्हणून आजाऱ्याला आणि बाळंतिणीला दोन्ही शास्त्रांत चालणारा. महाग असतो, पण त्या दिवशी आम्ही हुज्जत घातली नाही. लसूण-मिरीचे पातळ कालवण झाले. आईने काटे काढून भात कालवला. लेकीने दोन घास खाल्ले आणि विचारले, "बांगडे कधी आणणार?"

आईने आमच्याकडे पाहिले. चाळिसाव्या दिवसानंतर, असे ठरले. मोरीचे अजून ठरलेले नाही.