चर्चमागची गल्ली

बालाघाटास आमच्या चर्चमागून एक गल्ली जाते. दोहो बाजूंना घरे, ओट्यांवर वाळत घातलेले धान, आणि टोकाशी लहान मुलांची शाळा. पूर्वी सायकल व बैलगाडी यांखेरीज येथे फारसे काही फिरकत नसे, असे जुने लोक सांगतात. हल्ली मोठ्या रस्त्यावर भरवेलीच्या खाणीकडील मालट्रकांची वर्दळ असते, म्हणून मोटारसायकलवाले गल्लीतून आडवाट काढतात; आणि तीही अशा वेगाने, की ओट्यावर बसलेल्याने पाय आत ओढून घ्यावेत. गेल्या पावसाळ्यात एका शाळकरी मुलीला धक्का बसून तिचा पाय मोडला. तेव्हा गतिरोधकासाठी अर्ज करावयाचे ठरले, आणि सह्या गोळा करण्याचे काम मी आपणाकडे घेतले.

वाचकहो, या कामी मला मोठा उत्साह होता, हे कबूल करतो. प्रत्येक दारी मी हल्लीच्या तरुणांच्या घाईवर एक छोटेसे प्रवचनही करीत असे. शेवटच्या घरी एक वृद्ध आजी राहतात. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “फादर, अर्ज चांगला आहे. पण रविवारी सकाळी तुमची गाडी जाते ना, तेव्हा मी आधी नातवाला घरात ओढून घेते.”

मी काय उत्तर देणार? अर्ज त्यांच्यापुढे न धरताच परतलो. रविवारी येथील मिस्सा आटोपून मला दूरच्या खेड्यात दुसरी मिस्सा अर्पण करावयाची असते. लोक वाट पाहत बसलेले असतात. माझी घाई देवाच्या कामाची, म्हणून ती वेगळी, अशी माझी समजूत होती. मद्यामुळे वा वेगाच्या हौसेपायी रस्त्यावर दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर अपराध आहे, हे पाचव्या आज्ञेच्या धर्मशिक्षणात मीच मुलांना शिकवले होते.

त्या संध्याकाळी वळणापासून शाळेच्या फाटकापर्यंतचे अंतर मी पावलांनी मोजले. सुमारे पंधरा मीटर भरले. ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात आठेक मीटर जाते, आणि मूल दिसून ब्रेक दाबला जाईपर्यंत तेवढा सेकंद लागतोच. पुढे कोरड्या रस्त्यावर ती पाच-सहा मीटरांत थांबते. म्हणजे फाटकाच्या जेमतेम अलीकडे. वेग ६० असेल, तर पहिल्या सेकंदातच साडेसोळा मीटर सरतात. ब्रेक लागण्यापूर्वीच फाटक मागे पडलेले असते, आणि ब्रेक लागल्यावर थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. २०२२ साली आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली आणि त्यांतील दहांपैकी सुमारे सात मृत्यू अतिवेगाच्या खाती नोंदले गेले, हे सरकारी आकडे मी अर्जात ऐटीने लिहिले होते. गल्लीतले हे पंधरा मीटर मात्र कधी मोजले नव्हते.

इकडे काही तरुणांना धीर धरवेना. त्यांनी एका रात्री सिमेंटचा उंच बांधच रस्त्यावर घातला. ना रंग, ना फलक. तिसऱ्या रात्री एक दांपत्य त्यावरून पडले व बाईंचे मनगट मोडले. बांध फोडून टाकावा लागला. गतिरोधकालाही माप असते: रस्तेबांधणीच्या भारतीय मानकांत गोलाकार गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर, तर रुंदी ३.७ मीटर दिलेली आहे. म्हणजे चढ अगदी सौम्य. आमच्या बांधाची उंची पुष्कळ होती, रुंदी वीतभर. हेतू चांगला होता, हे मीही त्यांच्या बाजूने बोललो. बाईंच्या मनगटाला त्याचा उपयोग झाला नाही.

आता रविवारी मी वीस मिनिटे आधी निघतो. त्याकरिता प्रवचन आखूड केले आहे. त्याबद्दल अद्याप कोणी तक्रार केलेली नाही. गल्लीतून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये नेतो. पहिल्या रविवारी आजी नातवाचा दंड धरून दारात उभ्याच होत्या. दुसऱ्या रविवारीही. चौथ्या रविवारी त्या ओट्यावर तांदूळ निवडीत बसल्या होत्या आणि नातू शेजारी खेळत होता. सोमवारी त्यांनी मला हाक मारून अर्जावर अंगठा दिला. अर्ज गेला आहे; गतिरोधक अजून व्हावयाचा आहे.