इन्व्हर्टरची गुरगुर

आमच्या बेळगावचा पाऊस जुलैत एकदा बसला की उठायचं नाव घेत नाही, आणि तो आला की लाईट जाते. म्हणून काही वर्षांपूर्वी घरात इन्व्हर्टर घेतला. त्यावर पंखे जरा घूंऽ करत फिरायचे. आवाजाचं काय एवढं, असं म्हणून आम्ही तिकडे कधी लक्ष दिलं नाही.

गेल्या पावसाळ्यात अण्णांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणला. हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून देणारं हे यंत्र. एका रात्री लाईट गेली, इन्व्हर्टर सुरू झाला आणि यंत्र एकदम गुरगुरायला लागलं. हात लावला तर मागची बाजू चांगलीच तापलेली. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. 'चालतंय ना' म्हणत नुसता उभा. सौ. धारवाडची. ती ओरडली, "बंद माड्री!" आणि डॉक्टरांनी जवळ ठेवायला सांगितलेल्या सिलिंडरला तिनं अण्णांची नळी जोडली. लाईट पहाटे चारला आली. तोवर मी सिलिंडरचा काटा बघत बसलो होतो.

सकाळी माझा एक माजी विद्यार्थी आला. त्याचं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. "सर, हा मॉडिफाइड साइन वेव्हचा आहे," म्हणाला. घरची वीज सेकंदाला ५० वेळा झोपाळ्यासारखी सलग वर-खाली होते. ही मात्र पायऱ्या-पायऱ्यांनी उड्या मारते. एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर हे बहुधा सोसतात. मोटारीला ते मानवत नाही, मग ती फ्रिजची असो की मिक्सरची; ती गुरगुरते, तापते. पंखा इतकी वर्षं हेच सांगत होता!

"पण मी मागचं बटण यूपीएसवर ठेवलंय," मी म्हटलं. तो हसला. त्या बटणानं इन्व्हर्टर लवकर सुरू होतो, लाट तीच राहते. शिवाय कॉन्सन्ट्रेटरवर लिहिलेत ३५० वॅट, पण सुरू होताना तो त्याच्या काही पट ओढतो. तेव्हा प्युअर साइन वेव्हचा घ्यायचा, तोही ऐपतीपेक्षा नव्हे, यंत्राच्या गरजेपेक्षा मोठा.

तसा घेतला. जुना आता फक्त दिव्यांना. सिलिंडर मात्र खोलीतून हलवलेला नाही. आणि अण्णांच्या प्लगशेजारी सौ.नं चिठ्ठी चिकटवली आहे, दोन्ही भाषांत: 'इथे इस्त्री लावू नये. इल्लि इस्त्री हच्चब्याड्री.'