भिकाजीची पाचवी पातळी

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयाच्या मराठी विभागात शिकवतो. एम.ए. झालो तेही एकाच वर्षी. इतक्या वर्षांच्या सहवासामुळे पुष्कळ गोष्टी आम्ही मिळून करतो. प्रश्नपत्रिका काढतो, क्वचित लेख लिहितो, आणि गेली तीन वर्षे रविवारी संध्याकाळी दोघे मिळून एक पात्र चालवतो. या शेवटच्या वाक्याचा थोडा खुलासा करणे आवश्यक आहे.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी रचला आणि तो १९७४ साली प्रथम प्रसिद्ध झाला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक जण कथेतले जग सांभाळतो. त्याला ‘डन्जन मास्टर’ म्हणतात. आम्ही आमच्या सवयीने त्याला सूत्रधार म्हणतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. पात्र काय करणार ते खेळाडू बोलून सांगतो आणि ते त्याला जमले की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. प्रत्येक पात्राला एक ‘क्लास’ असतो : योद्धा, जादूगार, धर्मोपदेशक, चोर वगैरे. याला ‘वर्ग’ म्हणावे तर आम्हा मास्तरांच्या डोळ्यांसमोर फळा येतो, म्हणून आम्ही ‘पेशा’ म्हणतो. मोहीम पार पडली की अनुभवाचे गुण मिळतात, गुण साठले की पातळी वाढते आणि पातळीबरोबर नवी विद्या हाती येते. गुण आणि पातळी हे शब्द ऐकल्यावर आम्हाला अगदी घरच्यासारखे वाटले, हे वेगळे सांगायला नको.

आमचा सूत्रधार म्हणजे आमच्यापैकी एकाचा भाचा. पहिल्या रविवारी टेबलाशी जागा एकच शिल्लक होती आणि आम्ही होतो दोघे. “मग दोघे मिळून एकच घ्या ना, मामा,” असे म्हणून त्याने प्रश्न सोडवला. आम्ही योद्धा घेतला आणि त्याचे नाव भिकाजी ठेवले. एल्फ आणि ड्वॉर्फ यांच्या जगात भिकाजी हे नाव ऐकून मुले हसली, पण ते टिकले. भिकाजी चार पातळ्या इमाने इतबारे तलवार चालवीत राहिला. मात्र आमच्यापैकी एकाला पहिल्यापासून मंत्रविद्येची ओढ होती. कथेत शब्दाने काही घडते, हेच त्याला या खेळातले खरे आकर्षण वाटे. पाचवी पातळी आली तेव्हा त्याने आग्रह धरला की आता जादूगाराचा पेशाही घ्यावा. दुसऱ्याने दोन रविवार विरोध केला आणि मग मान तुकवली. नियम त्याला अनुकूल होते. २०१४ च्या ज्या पुस्तकावरून आम्ही खेळतो, त्यात सूत्रधाराची संमती असेल तर पातळी वाढताना पात्राला दुसऱ्या पेशात पाऊल टाकता येते. दोन्ही पेशांना लागणाऱ्या क्षमता प्रत्येकी किमान १३ असल्या की झाले. भिकाजीपाशी बळ होते आणि बुद्धी जेमतेम १३ होती. तो चौथ्या पातळीचा योद्धा आणि पहिल्या पातळीचा जादूगार झाला. आम्हाला वाटले, आपल्या पात्रात काहीतरी वाढले.

प्रत्यक्षात काय झाले, ते हिशेबाने सांगता येते. पाचव्या पातळीच्या योद्ध्याला एका फेरीत दोन वार करता येतात. पाचव्या पातळीच्या जादूगाराला तिसऱ्या श्रेणीचे मंत्र मिळतात. सगळ्या चमूला तारणारा अग्निगोल त्यांतलाच. चार आणि एक मिळून पाच होतात खरे, पण भिकाजीला दुसरा वारही मिळाला नाही आणि अग्निगोलही नाही. त्याला मिळाले ते पहिल्या श्रेणीचे मोजके मंत्र. त्यांतला एक म्हणजे नेम न चुकणारे तीन लहान बाण. दिसायला सुरेख, परिणामाला बेताचे.

पुढच्याच मोहिमेत एका घळीत आमची गाठ एका अजस्र डोंगरी राक्षसाशी पडली. चमूतले दोघे दरीपलीकडे अडकलेले. अलीकडे भिकाजी आणि त्याच्या शेजारी धर्मोपदेशिका, म्हणजे भाच्याच्या मैत्रिणीचे पात्र. राक्षस जखमी होता, रेटून लढत होता. योद्ध्याला लढाईत एकदा मिळणारे जादा बळ आम्ही आधीच खर्चून बसलो होतो. भिकाजीने वार केला, तो नीट बसला, तरी राक्षस उभा राहिला. टेबलाशी सगळे क्षणभर गप्प झाले, कारण दुसरा वार इथे मिळायचा हे सगळ्यांना ठाऊक होते. राक्षसाचा सोटा धर्मोपदेशिकेवर पडला. या खेळात कोसळलेल्या पात्राला जगण्यासाठी फासा टाकावा लागतो. तीन यशांच्या आधी तीन अपयशे आली की ते पात्र संपते. त्या मुलीने तीनदा फासा टाकला. तिन्ही वेळा दहाच्या खाली. “होतं असं, सर,” असे म्हणून तिने पात्राचा कागद घडी करून दप्तरात ठेवला. आठ महिन्यांत त्या कागदाच्या समासात तिने त्या धर्मोपदेशिकेची बरीच चित्रे काढली होती. भिकाजी त्या लढाईतून जिवंत बाहेर पडला.

त्यानंतर आम्ही जुने नियम वाचू लागलो. पेशांचा संयोग हा प्रश्न या खेळाइतकाच जुना आहे, आणि प्रत्येक आवृत्तीने त्याचे उत्तर म्हणजे ‘मोबदल्यात काय सोडणार?’ याचे उत्तर दिले आहे. १९७४ च्या मूळ नियमांत पेशे तीनच होते. एल्फांना मुभा होती की एका मोहिमेत योद्धा व्हावे, पुढच्या मोहिमेत जादूगार. मात्र डावाच्या मध्येच बदल नाही. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये एल्फ, ड्वॉर्फ अशा मानवेतर जमातींना दोन-तीन पेशे एकदम घेता येत, पण मिळालेले गुण सगळ्या पेशांत सारखे वाटले जात. एखादा पेशा आपल्या कमाल मर्यादेला पोहोचून थांबला तरी त्याच्या वाट्याचे गुण दुसऱ्याला मिळत नसत, वायाच जात. एकत्र कुटुंबाचा हिशेब ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे कलम समजायला जड जाऊ नये. त्याच पुस्तकाच्या परिशिष्टात बार्ड, म्हणजे गाणारा-सांगणारा कवी, होण्याची वाट दिलेली आहे : आधी योद्धा व्हायचे, मग चोर, आणि त्यानंतर कवी. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी यावर अवश्य विचार करावा.

माणसांसाठी १९७८ चा नियम वेगळा आणि कडक होता. दुसरा पेशा घ्यायचा तर पहिल्यातली वाढ कायमची थांबवायची आणि नव्यात पहिल्या पातळीपासून सुरुवात करायची. अंगातली ताकद जुनीच राही. परंतु नव्या पेशाची पातळी जुन्याच्या पुढे जाईपर्यंत जुनी विद्या वापरली, तर त्या मोहिमेचे अनुभवगुण मिळत नसत. जीव वाचवायला तलवार उपसायची मोकळीक होती. पण मग त्या मोहिमेतून शिकलात असे धरले जाणार नाही. नवा पेशा पुढे गेला की दोन्ही विद्या एकत्र वापरायला वाट मोकळी.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने हे सारे सैल केले. कोणीही, कोणत्याही पातळीवर, कोणताही पेशा घ्यावा. फार विषम वाढ केली तर गुणांत पाचवा हिस्सा कपात. एक जुना कडकपणा मात्र तिने राखला होता. पॅलाडिन हा व्रतस्थ योद्धा दुसऱ्या पेशात गेला, की आधी मिळवलेले सारे त्याच्यापाशी राही, पण पॅलाडिन म्हणून त्याला पुन्हा वाढता येत नसे. २०१४ च्या नियमांत असल्या शिक्षा नाहीत. तिथे किंमत अधिक सूक्ष्म आहे. तिसऱ्या पातळीचा जादूगार आणि तिसऱ्या पातळीचा धर्मोपदेशक एकाच पात्रात आले, तर त्याला तिसऱ्या श्रेणीचे मंत्र सामावतील अशा जागा मिळतात, पण त्या श्रेणीचा एकही मंत्र त्याला येत नसतो. भांडी मोठी आणि त्यांत शिजते ते आधीचेच अन्न. नियम उदार होत गेले, किंमत मात्र नाहीशी झाली नाही. ती छापील कलमांतून निघून खेळात मिसळली, एवढेच.

१९७८ चे ते कलम वाचताना आमच्यापैकी एकाने पुस्तक खाली ठेवले. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्याने मोडीचा वर्ग लावला होता. जुनी कागदपत्रे मुळातून वाचावीत ही त्याची एम.ए.पासूनची इच्छा. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, हात न उचलता अक्षरे ओढत नेतात. त्याने मात्र पहिल्या महिन्यातच वर्गाला चकित केले. मायना पाहिला की पुढचा मजकूर तो सांगून मोकळा होई. बखरींच्या भाषेचा इतक्या वर्षांचा सराव होताच. एकदा मोडीचे गुरुजी शांतपणे म्हणाले, “तुम्ही वाचत नाही, ओळखता आहात.” त्या दिवशी त्याने ‘कृपा’ म्हणून वाचलेला शब्द ‘कुंपण’ निघाला होता. सगळा कागद शेताच्या हद्दीच्या भांडणाचा होता. जितक्या वेळा अंदाज बरोबर आला, तितक्या वेळा अक्षर शिकायचे राहिले होते. जुन्या विद्येने निभावून नेलेल्या मोहिमेचे गुण मिळत नाहीत, हे गायगॅक्सच्या पुस्तकात १९७८ सालीच छापलेले होते. वर्षभर गुण न मिळवता त्याने मोहिमा केल्या होत्या.

पण त्या कलमातही एक गोष्ट नाही, आणि ती आम्हाला राक्षसाच्या घळीत कळली. संयोगाची किंमत ज्याने संयोग केला तोच मोजतो असे सर्व नियम गृहीत धरतात. मोडीचा वर्ग शनिवारी असे. दोन वर्षे आमच्यापैकी एकाचे शनिवारचे तास दुसऱ्याने घेतले. त्याच शनिवारी दुसऱ्याचे नाट्यसमीक्षेवरचे हस्तलिखित पुढे सरकायचे होते. ते एकशे दहाव्या पानावर थांबले, ते आजतागायत. या काळात याविषयी आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नव्हतो. हा परिच्छेद लेखात असावा की नाही यावर आमचे एकमत व्हायला आठवडा लागला. ज्याला तो नको होता, तो हस्तलिखिताचा धनी होता.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून मेजर आणि मायनर हे शब्द विद्यार्थ्यांच्या तोंडी बसले आहेत. मराठीबरोबर काय घ्यावे, असे ते विचारतात. पूर्वी आम्ही बेधडक सांगत असू की काहीही घ्या, दोन्हींचा फायदाच होतो. आता आधी दोन प्रश्न विचारतो. पहिला, सुरुवात कशाने करणार? भिकाजीला जड चिलखत घालता येते ते तो आरंभी योद्धा होता म्हणून. आधी जादूगार होऊन मागाहून योद्धा झालेल्याला या पुस्तकात ते मिळत नाही. ज्या विद्येत आपण प्रथम उभे राहतो तिचे काही देणे पुढे कुठल्याच संयोगातून मिळत नाही. आणि दुसरा प्रश्न, मधल्या पातळ्यांवर, जेव्हा दुसरा वारही नसेल आणि अग्निगोलही नसेल, तेव्हा तुमच्या शेजारी कोण उभे असेल? विद्यार्थी या प्रश्नाने बुचकळ्यात पडतात. आम्ही त्यांना परावृत्त करत नाही. राजवाड्यांनी इतिहासाची साधने शोधता शोधता ज्ञानेश्वरीचे व्याकरण लिहिले. दोन विद्या एका माणसात नांदल्या की काय होते ते आपल्या भाषेने पाहिलेले आहे. मधली वर्षे तेवढी डोळे उघडे ठेवून काढावीत, इतकेच आमचे म्हणणे.

ती मुलगी पुढच्या रविवारी बार्ड घेऊन आली. आताच्या नियमांत त्यासाठी आधी योद्धा किंवा चोर व्हावे लागत नाही. तिच्या नव्या कागदाच्या समासात पुन्हा चित्रे आहेत. भिकाजीने सहाव्या पातळीला मुकाट्याने योद्ध्याचा पेशा पुढे नेला आणि त्याला दुसरा वार मिळाला, एक पातळी उशिरा. मंत्रविद्येचा आग्रह धरणाऱ्यानेच तसे सुचवले. मोडीची पातळी अजून मराठीच्या पुढे गेलेली नाही, जाईल असेही दिसत नाही. पण अलीकडे तो अक्षराला अक्षर लावून वाचतो आणि अंदाज आला की ओठ मिटतो. या जूनपासून शनिवारचे तास तोच घेतो आहे, स्वतःचे आणि दुसऱ्याचेही. हस्तलिखित एकशे अकराव्या पानावर आहे.