कोगनोळी ते उद्यमबाग : बॅटरीच्या मागावर

कागल मागे टाकून दूधगंगा ओलांडली की कोगनोळी. पाट्यांवरची अक्षरे बदलतात, माणसांचे बोलणे तेच राहते. पुढे यमगर्णीला वेदगंगा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तिने हाच महामार्ग अडवला होता. मग निपाणी, तवंदीचा घाट आणि संकेश्वरची हिरण्यकेशी. या वाटेवर अलीकडे हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्याही दिसू लागल्या आहेत.

विजेच्या गाडीची खरी परीक्षा तवंदीच्या घाटात. निपाणीहून चढताना बॅटरी भराभर उतरते. परतीच्या उतारावर मात्र मोटारच जनित्र होते आणि थोडी वीज माघारी भरते. गाडीला धूर नाही हे खरे, पण रायचूर आणि बळ्ळारीत तिच्यासाठी कोळसा जळतोच. तरी वारा, ऊन आणि पाणी यांपासूनही कर्नाटकात पुष्कळ वीज होते, त्यामुळे एकूण हिशेब पेट्रोलपेक्षा बराच बरा.

अडचण पुढची आहे. बॅटरी म्हातारी झाली की ती जाते कुठे?

जुन्या शिशाच्या बॅटरीची वाट आपल्याला पाठ आहे. ट्रॅक्टरची असो, इन्व्हर्टरची असो की ई-रिक्षाची, जुनी दिली की नवीच्या किमतीत सूट मिळते. निम्म्याहून अधिक वजन शिशाचे, आणि शिसे ३२७ अंशांवर वितळते. त्यामुळे ती उकिरड्यावर कुणी टाकत नाही. दुकानदाराने ती परत घ्यावी, असा नियम २००१ पासूनच होता. पण भंगारातून ती परवानाधारक कारखान्यात न जाता कुणाच्या परसात गेली, तर ॲसिड गटारात ओततात आणि शिसे उघड्यावर वितळवतात. तो धूर शेजारच्या पोरांच्या अंगात भिनतो, मेंदूच्या वाढीवर घाला घालतो. शिशाचे अमुक इतके प्रमाण निर्धोक, असे नाहीच. आणि ओढ्यात सांडलेले ॲसिड वेदगंगेतून असो वा हिरण्यकेशीतून, शेवटी कृष्णेच्याच वाटेला लागते.

लिथियमची तऱ्हा निराळी. तिची ताकद सत्तर-ऐंशी टक्क्यांवर आली की गाडीला ती पुरत नाही, पण घरच्या सौर दिव्यांना किंवा दुकानाच्या इन्व्हर्टरला अजून कितीतरी वर्षे चालते. त्यासाठी ती खोलून एकेक सेल तपासावा लागतो, सारखे सेल निवडून पुन्हा जोडावे लागतात. हातोडी मारायचे काम नव्हे, आग लागते. शिवाय लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत कोबाल्ट नाही की निकेल नाही, म्हणजे भंगारवाल्याला भाव नाही. ज्याला भाव नाही ते आपल्याकडे गोठ्यामागे पडून राहते! २०२२ च्या केंद्राच्या नियमांनी जुन्या बॅटरीची जबाबदारी उत्पादकावर टाकली, ती पुरायला आणि जाळायला बंदी केली. कागदावर चांगलेच आहे, पण हत्तरगीच्या शेतकऱ्याने आपली स्कूटरची बॅटरी नेऊन द्यायची कुठे?

काकतीजवळ मार्कंडेय ओलांडून बेळगावात शिरले की उद्यमबाग गाठावी. इथल्या फाउंड्र्यांनी आणि लेथवाल्यांनी वर्षानुवर्षे इंजिनाचे सुटे भाग घडवले. विजेच्या गाडीला ना पिस्टन, ना क्रँकशाफ्ट, तेव्हा इथल्या कामगाराच्या पोटाचा प्रश्न आज ना उद्या येणारच. माझ्या मते सेल मोजण्याचे आणि जुळवण्याचे काम याच हातांना शिकवावे. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक ओळखणाऱ्याला व्होल्टचा फरक अवघड नाही. एखाद्या आयटीआयने सहा महिन्यांचा वर्ग काढला, तर सुरुवातीला हत्यारे तरी फार लागणार नाहीत : मीटर, वेल्डिंगचे छोटे यंत्र, रबरी हातमोजे आणि वाळूच्या दोन बादल्या.