वरुडच्या संत्राबागेत

नागपूर सोडून काटोलच्या वाटेस लागले, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंस संत्र्यांच्या बागा दिसू लागतात. पुढे वर्धा नदी ओलांडून अमरावती जिल्ह्यात शिरावे, तो उत्तरेस सातपुड्याची निळसर रांग आणि तिच्या पायथ्याशी वरुड. येथील रेल्वे स्थानकाचे नावच मुळी ‘वरुड ऑरेंज सिटी’ असे आहे. डिसेंबरच्या आरंभी, आंबिया बहाराची तोडणी चालू असताना, तेथील एका बागाइतदार स्नेह्याकडे दोन दिवस राहण्याचा योग आला.

नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीत हे झाड या प्रदेशात आले, असे सांगतात. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरून कलम करतात आणि पुढे चार-पाच वर्षे झाड जोपासावे, तेव्हा कोठे फळ दिसते. फुलोरा यावा म्हणून झाडाचे पाणी काही आठवडे मुद्दाम तोडतात. यास ‘ताण देणे’ म्हणतात. हिवाळ्याच्या अखेरीस फुलतो तो आंबिया बहार, आणि पहिल्या पावसावर फुलतो तो मृग बहार. एरवी मात्र पाणी हवेच. या तालुक्यात भूजलाचा उपसा फार झाला आहे. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात, आणि बाग जगविताना माणसाची झोप उडते.

सकाळी स्नेह्याने ताज्या रसाचा पेला पुढे केला. अर्धा घेतला, उरलेला फळीवर ठेवून आम्ही बाग पाहावयास गेलो. तीन तासांनी तहानेने परत येऊन तोच पेला तोंडास लावला, तर रस कडू! यजमान हसले. म्हणाले, “भाऊ, हा रस कोनाची वाट पाहात नाही. काढला का पेला!”

याचे कारण मोठे मौजेचे आहे. संत्र्याच्या फोडींच्या पापुद्र्यांत व बियांत एक बेचव द्रव्य असते. फळ अखंड आहे तोवर ते निरुपद्रवी असते. रस काढताना ते आंबट रसात मिसळते आणि हळूहळू त्याचे लिमोनिन नावाच्या कडू द्रव्यात रूपांतर होते. टिकविण्यासाठी रस तापवावा, तर ही क्रिया अधिकच वेगाने होते. ब्राझीलच्या साओ पावलो प्रांतात संत्रारसाचा प्रचंड उद्योग आहे. पण तेथील फळ घट्ट सालीचे, मोसंबीच्या जातकुळीचे. त्याचा रस आटवून दाट करतात आणि थंड टाक्यांच्या जहाजांतून परदेशी धाडतात. आपले संत्रे ढिल्या सालीचे, हाताने सोलून खाण्याचे. त्याच्या रसातील कडूपणा शोषून घेण्याच्या युक्त्या आहेत. परंतु त्यांस यंत्रे लागतात, भांडवल लागते.

हे सारे ऐकताना माझी दृष्टी बागेच्या कोपऱ्यातील ढिगाकडे गेली. मोठी फळे व्यापाऱ्याच्या गाडीत चढली होती; लहान फळे, ज्यांस येथे ‘चुरी’ म्हणतात, मागे राहिली होती. बांगलादेश हे या संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक. २०१९ नंतर त्या देशाने आयात शुल्क चढवीत नेल्यापासून बाजार अधिकच कठीण झाला. तोडलेले संत्रे आंब्यासारखे अढीत पिकून गोड होत नाही, आणि फार दिवस टिकतही नाही. वर्षभर राबलेल्या माणसास मिळेल त्या भावाने चुरी द्यावी लागते, नाही तर ती बांधावर टाकावी लागते. रंगरूप सोडले, तर चवीत मला तरी काही उणे आढळले नाही.

म्हणून वाचकहो, बाजारात लहान संत्री दिसली तर त्यांस नाक मुरडू नये. साल व पांढरे धागे काढावेत, फोडी उकलून बिया वेगळ्या कराव्यात, गर हलक्या हाताने दाबून गाळावा. पापुद्रे रगडू नयेत. आणि रस लगेच सर्वांनी मिळून प्यावा.

निघताना यजमानांनी चुरीची एक पिशवी गाडीत ठेविली. पैसे देऊ लागलो, तर घेईनात. घरी पोहोचलो त्याच संध्याकाळी मुलांनी ती रिकामी केली.